मेलेली कोंबडी बोलतेय

मी एक कोंबडी बोलतेय. आज सकाळी मी मेले म्हणून साऱ्या दरीत आनंदीआनंद चाललाय, आणि मी इथे एडनवेदच्या स्वयंपाकघरात टोपलीखाली चांगली धडधाकट बसलेय. हा एडनवेद आमच्या चर्चची घंटा वाजवतो, झाडलोट करतो आणि बाकीचा वेळ देवभोळ्या माणसांवर जगतो.

माझा जन्म वरच्या टेकडीवर, मार्गेदच्या गोठ्यात झाला. अंड्यातून निघाले तेव्हा अगदीच मरतुकडी होते. तिच्या मुलीने, नेस्टने, मला शालीत गुंडाळून चुलीपाशी वाढवलं. ओटचा भरडा मी तिच्याच तळहातावर टिपला. शंभर कोंबड्या ओरडल्या तरी त्यातला माझा आवाज ती ओळखते.

नेस्टला फेफरं येतं. पाणचक्कीवाल्याच्या मुलाशी तिचं जमत आलं होतं, पण त्याच्या आईने निरोप धाडला, आधी फेफरं घालवा, मग लग्नाचं बोला. फेफरं घालवायचं म्हणजे आमच्याकडे एकच जागा, संतबाईची विहीर.

या संतबाईने म्हणे फार पूर्वी एका राजपुत्राचं फेफरं काढलं आणि शेजारी दाणे टिपणाऱ्या कोंबडीत घातलं. राजपुत्र हसत घरी गेला. कोंबडीचं पुढे काय झालं, हे कथेत कोणीच सांगत नाही. कशाला सांगतील? राजपुत्र थोडीच होती ती!

तेव्हापासून रीत पडली. रोगी पुरुष असेल तर कोंबडा, बाई असेल तर कोंबडी. सूर्य मावळला की विहिरीत हातपाय धुवायचे, कोंबडीची टोपली घेऊन विहिरीला आणि चर्चला फेऱ्या घालायच्या, मग बायबल उशाला घेऊन वेदीखाली झोपायचं. सकाळी कोंबडी तिथेच सोडून जायचं. ती मेली की रोग गेला. एका मेंढीच्या भावावरून दिवसभर हुज्जत घालणारी ही शहाणी माणसं, पण धडधाकट कोंबडी एका रात्रीत मरते कशाने, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

मी सांगते. ती एडनवेदच्या बायकोच्या, बेटसनच्या, सुरीने मरते. लीकची, म्हणजे आमच्याकडच्या कांद्याची, पात घालून तिचा रस्सा होतो. एकही कोंबडी वाचत नाही, म्हणून विहीर जागृत! अहो, जागृत आहे ती या घरची चूल.

काल नेस्ट मला घेऊन वेदीखाली झोपली. आणि तिथेच, त्या पवित्र जागी, तिला फेफरं आलं. टाचा फरशीवर आपटत होत्या, दातखीळ बसली होती. बघायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. शुद्धीवर आल्यावर तिने तोंड पुसलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "कोणाला सांगू नकोस हं."

मी कोणाला सांगणार? पण खोटं कशाला बोलू, तेव्हा माझा जीव तिच्यासाठी तुटला.

सकाळी ती घरी गेली आणि एडनवेदने मला इथे आणलं. थोड्या वेळाने मायलेकी दारात हजर. मार्गेद चाचरत म्हणाली, "एडनवेददादा, कोंबडीचं काय झालं?"

"गेली बिचारी," तो टोपी काढून म्हणाला. मुद्रा अशी, की जणू सख्खी बहीण गेली. "पहाटेच गेली. पोर सुटली तुमची."

मग मात्र मी ओरडले. पंख टोपलीवर आपटत, गळा फुटेस्तोवर ओरडले. एडनवेद खोकायला लागला.

नेस्टने मान वर केली. तिने ऐकलं होतं. टोपलीच्या विणीतून, दाराच्या फटीतून मला तिचा चेहरा दिसत होता. तो आधी उजळला, मग पांढराफटक पडला. एक शब्द बोलली असती तर मी तिच्या कुशीत असते, आणि पाणचक्कीवाल्याचं घर कायमचं हातचं गेलं असतं.

तिने शाल कपाळावर ओढली. "चल आई," ती म्हणाली. "मेली ती."

मार्गेद तिला मिठी मारून रडली. गेल्या दोघी.

नेस्ट, तुझं फेफरं माझ्यात आलेलं नाही. ते तुझ्याच बरोबर टेकडी चढून घरी गेलंय, आणि हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. इकडे बेटसनची पात चिरून झालीय, पाण्याला आधण आलंय. तू खुशाल लग्न कर. मला मेलेलीच म्हणत जा. थोड्याच वेळात ते खरं होईल, म्हणजे तेवढं एक खोटं तरी तुझ्या माथी राहणार नाही.