कारणाचा रकाना

"रामकिसनराव, नेहमीचं लिहा. जल्दी करा, टेम्पो उभाय," व्यवस्थापक अण्णासाहेब दारातून म्हणाले.

कारखान्याचे कारकून रामकिसन यांनी अपघात-नोंदवही उघडली. जयवंताबाई, राहणार बदनापूर. कारणाच्या रकान्यात त्यांनी सवयीने लिहिले: उपवासामुळे चक्कर. तोच मजकूर डॉक्टरांसाठी चिठ्ठीवर उतरवला आणि टेम्पोत बसलेल्या गोपिकाबाईच्या हाती दिला. तिच्या मांडीवर जयवंताबाईचे डोके होते. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने निथळत होते.

टेम्पो गेला.

नवीन जालन्याबाहेरच्या या बियाणे कारखान्यात सरकीला गुलाबी विषारी औषध चोळण्याचे काम बायका हातांनीच करीत. दोन हंगामांत नऊ जणींना भोवळ आली होती. बायका उपवास करतातच, म्हणून हे कारण कोणाला खटकत नसे. तपासणीला आलेले अधिकारीही ते वाचून वही मिटत. अठरा वर्षांत आपण एकही रकाना रिकामा ठेवला नाही, याचा रामकिसन यांना अभिमान होता.

कट्ट्यावर जयवंताबाईचा जेवणाचा डबा उघडाच राहिला होता. झाकण लावायला ते वाकले. अर्धी भाकरी उरली होती आणि तिच्यावर गुलाबी बोटे उमटली होती.

डॉक्टर चिठ्ठी वाचणार, ग्लुकोजची बाटली लावणार आणि तिला झोपवून ठेवणार.

औषधाचा रिकामा डबा आणि बगलेत वही घेऊन ते सायकलीकडे निघाले, तेव्हा अण्णासाहेब आडवे आले.

"वही खाली ठेवा. न्हाई तर उद्यापासून येऊ नका."

"ती जेवली होती, साहेब."

औषधाचा डबा कॅरिअरला बांधून त्यांनी सायकल दवाखान्याकडे वळवली.

दवाखान्यात बाटली लागलेलीच होती. डॉक्टरांनी डब्यावरची कवटीची खूण पाहिली, जयवंताबाईच्या पापण्या उचलल्या आणि नर्सला दुसरे इंजेक्शन आणायला पिटाळले. जगेल का, या प्रश्नावर ते एवढेच म्हणाले की उशीर झाला आहे. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही.

रामकिसन बाहेरच्या बाकावर बसले. गोपिकाबाई जवळ आली.

"भाऊ, आम्ही दोघी संगंच जेवल्तो. पण डाक्टरनं चिठ्ठी वाचून उपास म्हणलं. तुम्ही लिहिलेलं, मंग मी कशी बोलू?"

त्यांनी वही मांडीवर घेतली. खालचे वाचता येईल अशी एकच रेघ 'उपवासा'वर ओढली, शेजारी 'औषधाची बाधा' असे लिहून सही केली. मग मागची पाने उलटली. नऊ नावे. पहिल्या नावावर पेन थांबले.

"ही दुर्गाबाई, मंठ्याची. पुन्हा कामावर आली नाही. आता कशी आहे?"

गोपिकाबाईने पदर तोंडाला लावला. "ती तवाच गेली, भाऊ."