अठरा महिन्यांचं वेळापत्रक

वडिलांनी चार कोरे तक्ते टेबलावर पालथे टाकले, कडेला कड भिडवली आणि जोडावरून चिकटपट्टी ओढत नेली. शेवटच्या वितीवर पट्टी सुरकुतली. त्यांनी ती उचकटली, पुन्हा लावली आणि नखाने दाबून बसवली. चारांचा मिळून झालेला तो मोठा कागद उलटवायला त्यांचे दोन हात पुरेनात.

"ठकी, ते टोक धर."

तिने धरलं. कागद उलटला आणि टेबल झाकून दोन्ही बाजूंनी खाली लोंबू लागला. वडिलांनी जाडजूड पुस्तकांची दोन थप्प्यांत वाटणी केली आणि एकेक थप्पी एकेका टोकावर ठेवली. शरीरशास्त्राच्या पुस्तकाचा एवढा उपयोग बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

रविवार होता, सकाळचे दहा. तिची आठवड्याची सुट्टी. वडील आंघोळ उरकून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. बस डेपोच्या वेळापत्रक विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. कुठली गाडी किती वाजता सुटेल, कुठे किती थांबेल, चालकाची ड्युटी कुठे बदलेल, हे सगळं ते अशाच मोठ्या कागदावर पेन्सिलीने आखत. डेपोत त्यांना मिनिटसाहेब म्हणत. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी पट्टी आणि पेन्सिली खोक्यात जपलेल्या होत्या.

"परीक्षा कधी?"

"तारीख जाहीर व्हायची आहे. अठरा महिने धरा."

"म्हणजे पाचशे सत्तेचाळीस दिवस." हे त्यांनी कागदावर मांडून पाहिलं नाही. "विषय एकोणीस. ड्युटी आठवड्याचे सहा दिवस. अभ्यासाला वेळ किती?"

"चालेल."

"चालेल काय? किती तास, असं विचारतोय."

"हां. ड्युटीच्या दिवशी तीन. सुट्टीला आठ."

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं आणि तीन-आठ असं कोपऱ्यात लिहून घेतलं.

गेले दहा महिने ती चालेल म्हणत होती. भात उरलाय, सकाळचाच चालेल का? चालेल. मावशीकडे चार दिवस जातेस? चालेल. एका लहान हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला जागा आहे, करशील? चालेल. आणि मागच्या आठवड्यात जेवताना वडील म्हणाले होते, "पुन्हा एकदा बसू या की एमडीच्या प्रवेशपरीक्षेला. तिसऱ्या खेपेला लागतंय पुष्कळांचं. आता नीट आखून करू." त्यालाही ती तेच म्हणाली होती.

वडील उभ्या रेघा मारू लागले. बोलता बोलता त्यांचा हात चालत होता आणि रेघ कुठे हलत नव्हती.

"मेडिसिन, सर्जरी, प्रसूती ह्या लांब पल्ल्याच्या गाड्या. ह्यांना महिने द्यायचे. डोळे, कान-नाक-घसा, कातडी ह्या शहरातल्या फेऱ्या. दहा-दहा दिवसांत जाऊन यायचं, आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा एक फेरी. बरोबर?"

"बरोबर."

"आणि रविवारी दुपारनंतर काही नाही. तो वेळ मोकळा. आठवड्यात जे मागे पडलं ते तिथे भरून काढायचं. मागच्या दोन्ही वेळा तू हेच चुकलीस. एक दिवस मागे पडलीस की पुढचं सगळं गाडं घसरायचं. वाटेत गाडी बंद पडते, चाक पंक्चर होतं, हे धरूनच वेळापत्रक करायचं असतं. न धरणारा कारकून नवशिका."

तिने मान हलवली. पहिल्या खेपेला ती शिकवणीच्या वसतिगृहात राहिली होती आणि आजारी पडली होती. दुसऱ्या खेपेला, दहा महिन्यांपूर्वी, ती घरीच होती, आणि परीक्षेच्याच दिवशी आई गेली. अकरा वाजता एकाएकी कोसळली, लगेच शुद्ध हरपली, कुणाच्या हाती काही उरलं नाही, असं तिला सांगण्यात आलं होतं. परीक्षेच्या दालनात फोन नेता येत नाही. साडेबाराला ती बाहेर आली तेव्हा फाटकाशी वडिलांच्या डेपोतले एक जुने चालक गाडी घेऊन उभे होते. घरी पोहोचेपर्यंत ते कुठल्या चौकात किती गर्दी असते याविषयीच बोलत राहिले. निकालात नंबर फार मागे गेला. त्याचंही तिला काही वाटलं नव्हतं.

कॅज्युअल्टीत तिचं नाव चांगलं होतं. छातीत दुखतंय म्हणून कुणी आलं की ती दहा मिनिटांच्या आत ईसीजीची पट्टी काढून, औषध देऊन मोकळी होई. सिस्टर म्हणत, ह्या डॉक्टर घाबरतच नाहीत. ते खरं होतं.

बेल वाजली. समोरच्या काकू होत्या. त्या घरीच शिवणकाम करत, आणि गळ्यातली मोजपट्टी शेजारी जातानाही काढत नसत. दर रविवारी त्या ब्लडप्रेशर मोजून घ्यायला येत. आत आल्या आल्या त्यांनी बाही वर केली आणि मग टेबलाकडे पाहिलं.

"अगं बाई, हे काय काढलंत? एवढ्या कापडात दोघांचे झगे बेतून होतील."

"अभ्यासाचं वेळापत्रक आहे," वडील म्हणाले.

"पोरीला तरी पुरू द्या. तुम्हीच अर्धं नेसाल."

तिने काकूंना खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला. "वरचं एकशे अठ्ठेचाळीस. गोळी घेतली का?"

"घेतली की. म्हणजे, कालची राहिली."

"आणि परवाची?"

"परवाची कालमध्येच धर." काकू हसल्या, मग डावा खांदा चोळत म्हणाल्या, "पण हे बघ ना जरा. पहाटे जाग आली ती ह्या दुखण्यानंच. म्हटलं, ठकीच्या आईसारखं नको व्हायला. तिलाही त्या दिवशी पहाटे चारपासून दुखत होतं ना."

वडिलांची पेन्सिल थांबली.

"तू खाली उतरलीस आणि ती माझ्या दारात आली," काकू सांगत राहिल्या. "चेहरा ओढलेला. मी म्हटलं, घरात डॉक्टर पोरगी असून दाखवत का नाहीस? तर म्हणे, आज नाही. आज तिच्या डोक्यात दुसरं काही शिरता कामा नये." आपल्याच आवाजाने त्या थबकल्या. "तुला माहीतच असेल म्हणा सगळं."

"हो," ती म्हणाली. तिने काकूंचा हात वर उचलला, मागे नेला, खांद्याच्या मागच्या बाजूला अंगठा दाबला. "इथे दाबल्यावर दुखतंय?"

"आई गं. तिथेच."

"मग हे मशीनवर वाकून बसण्याचं आहे. तरी उद्या हॉस्पिटलला या, पट्टी काढू. आणि आजची गोळी घरी गेल्या गेल्या घ्या."

काकू गेल्या. तिने दार लावलं, यंत्राचा पट्टा गुंडाळून पेटीत ठेवला आणि वडिलांच्या समोर येऊन बसली. वडील पेन्सिलीला टोक काढत होते. टोक चांगलं होतं, तरी काढत होते.

"दुखणं कधी सुरू झालं?" तिने विचारलं. आवाज ड्युटीवरचाच होता.

वडिलांनी पेन्सिल खाली ठेवली. "चारला. चारला उठून बसली."

"नेमकं कुठे?"

त्यांनी स्वतःच्या छातीवर मधोमध तळवा ठेवला. "इथे. मी म्हटलं, ठकीला उठवतो. म्हणाली, उठवलंत तर याद राखा."

"घाम?"

"होता. मला वाटलं, उकाड्यानं असेल."

"उलटी?"

"एकदा. सहाच्या आधी. नळ सोडून ठेवला होता तिने, तुला ऐकू जाऊ नये म्हणून."

"मग?"

"तू सातला निघालीस. ती दारापर्यंत आली."

"ते मला माहीत आहे. त्यानंतर."

"आठला वाढलं. आठ दहाला फोन माझ्या हातात होता. तुमचं फाटक साडेआठला बंद होणार होतं. फोन तोवर तुझ्याजवळ होता. वीस मिनिटं होती माझ्याकडे."

ती थांबली. पेशंटचे नातेवाईक असे मध्येच थांबतात, तेव्हा आपण बोलायचं नसतं.

"लावला नाही," वडील म्हणाले. "ती नको म्हणाली होती हे खरं. पण निर्णय माझा. मी खाली जाऊन तिला हॉस्पिटलात न्यायला गाडी बघितली."

"शुद्ध कधी गेली?"

"साडेअकराला."

"म्हणजे तोपर्यंत बोलत होती."

"हो."

"काय बोलली?"

"तू सुटलीस का, ते विचारलं. दोनदा. पहिल्यांदा मी म्हटलं, अजून नाही. दुसऱ्यांदा म्हटलं, सुटली, निघालीच आहे. तू साडेबाराला सुटणार होतीस. मला वेळ पाठ होती."

तिच्या हातात दुसरी पेन्सिल होती. ती कधी उचलली हे तिला आठवेना. तक्त्यावरच्या पहिल्या आठवड्याच्या चौकटींत, सोमवारपासून पुढे, तिच्याच अक्षरात घड्याळाच्या चार वेळा लिहिल्या गेल्या होत्या. चार. सहाच्या आधी. आठ दहा. साडेअकरा. कॅज्युअल्टीच्या कागदावर लिहितात तशा.

"एक राहिली," ती म्हणाली, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चौकटीच्या मधल्या रेघेवर तिने साडेसहा लिहिलं.

"साडेसहाला काय?"

"आई ह्याच टेबलाशी माझ्यासमोर बसली होती. मी औषधांची नावं पाठ म्हणत होते. ती जबडा चोळत होती. डावा. मी पाहिलं आणि पुढचं नाव घेतलं."

"दात दुखत असेल, असं वाटलं असेल तुला."

"नाही वाटलं." तिचा आवाज तसाच होता. "काय असू शकतं ते डोक्यात आलं होतं. नीट आलं होतं. मी म्हटलं, दुपारी आल्यावर बघू."

खालच्या रस्त्यावरून एक बस गेली. वडिलांनी नेहमीसारखं घड्याळाकडे पाहिलं नाही. तुझा काय दोष, तू लहान होतीस, तुला परीक्षेचा ताण होता, यातलं ते काहीच म्हणाले नाहीत. ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि परीक्षेचा ताण तिला होता हे दोघांनाही ठाऊक होतं.

"हे कुणाला बोलली होतीस?" त्यांनी विचारलं.

"आता तुम्हाला."

"मीही," ते म्हणाले. "आता तुलाच."

ती उठली, आत जाऊन हात धुऊन आली आणि पुन्हा बसली. धुण्यासारखं हाताला काही लागलेलं नव्हतं. वडिलांनी पट्टी उचलली, सरळ ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी ती खोक्यात टाकून झाकण लावलं.

"ठकी, तुला द्यायची आहे का ही परीक्षा?"

हा प्रश्न घरात आजवर कुणी विचारला नव्हता. चालेल हा शब्द तोंडापर्यंत आला होता, पण प्रश्नाला तो बसत नव्हता.

"माहीत नाही," ती म्हणाली. "आत्ता नका विचारू."

"बरं."

"आणि उद्यापासून तक्त्यात काही ठेवू नका. महिनाभर तरी."

"नाही ठेवत."

बारा वाजून गेले होते. वडील स्वयंपाकघरात गेले. भांड्यांचा आवाज आला, मग ते दोन्ही हातांत दोन ताटं घेऊन दारात येऊन उभे राहिले. टेबलावर तक्ता तसाच पसरलेला होता, अर्धा आखलेला, अर्धा कोरा. तो गुंडाळायला ती उठू लागली.

"राहू दे," ते म्हणाले, आणि त्यांनी ताटं तक्त्यावरच ठेवली. एक तिच्यासमोर, एक आपल्यासमोर. पाण्याचे पेले आणले. तिच्या पेल्याच्या बुडाचं पाणी कागदावर उतरलं आणि पुढच्या वर्षीच्या कुठल्याशा महिन्यात ओलं कडं उमटलं. ते वडिलांना दिसलं. त्यांनी पेला उचलला नाही.

दोघं जेवू लागले. गेले दहा महिने ती ओट्याशी उभ्याउभ्याच चार घास पोटात ढकलून निघून जायची. आज बसली होती, इतकंच. चव तिला आजही कळत नव्हती. भाजीत मीठ जास्त असावं, कारण वडील दोनदा पाणी प्यायले. अर्धं ताट झाल्यावर ती थांबली.

"बाबा, त्या दिवशी सकाळपासून आईच्या पोटात काही होतं का?"

वडिलांनी घास गिळला. "अर्धा कप चहा. तुझ्या कपात उरला होता तो."

"गार झाला असेल," ती म्हणाली.

"हो," वडील म्हणाले. "मी गरम करून देतो म्हटलं होतं."