चढावर थांबलेली लॉरी

मोटार शिकायला किती दिवस लागतात, याबद्दल त्या काळी सुपा पेठेत ज्याला त्याला मत होतं, आणि मोटार म्हणाल तर मुलखात एकच, लाकडाच्या ठेकेदाराची लॉरी. पंधरा दिवस पुरे, असं छातीठोक सांगणारे निम्मे तर कधी तिच्यात बसलेही नव्हते. शिकवणारा खानापूरचा पुंडलिक ड्रायव्हर तेवढा गप्प असायचा. त्याच्या हाताखाली लखूला तिसरा महिना लागला होता.

लखू बाजारकुणंगचा. अठरा वर्षं त्यानं सागवानाचे ओंडके बैलगाडीवरून वाहिले. ठेकेदारानं ही लॉरी आणली तेव्हा तो म्हणाला, लायसन मिळालं तर लखूच चालवील. लखूनं आठवड्यात स्टिअरिंग धरलं, पुढच्या आठवड्यात गिअर. घोडं पेंड खात होतं ते एकाच जागी. चढावर लॉरी थांबली रे थांबली, की हा उडी मारून खाली आणि मागच्या चाकाला दगड.

हसणारे हसले. पण गणेशगुडीच्या चढावर त्याचा थोरला भाऊ झिलू मागं घसरलेल्या बैलगाडीखाली सापडून गेला होता. दगड लावायचं काम लखूचं होतं, आणि त्याला क्षणभर उशीर झाला होता. तेव्हापासून त्याचे पाय त्याला विचारून उडी मारत नसत.

पहिल्या परीक्षेतही तेच झालं. गणेशगुडीच्या त्याच चढावर परीक्षा घेणारे फौजदारसाहेब लॉरीत एकटेच बसून राहिले. त्यांनी महिन्यानं परत बोलावलं. ठेकेदारानं मात्र बजावलं, आता नापास झालास तर बेळगावचा माणूस आणतो.

मग पुंडलिक रोज सकाळी त्याला त्याच चढावर नेऊ लागला. पहिल्या दिवशी त्यानं लखूला चक्क दोरीनं बाकाला बांधलं.

"गाडी उभी हाय का न्हाई, सांग," पुंडलिक म्हणाला.

"हाय."

"मग?"

"मला कळतंय रे. पायांस्नी कळत न्हाई."

विसाव्या दिवशी दोरी सुटली. तरी हात दाराकडं जायचाच.

परीक्षेच्या दिवशी लॉरी ओंडक्यांनी भरलेली होती. झिलू गेला नेमक्या त्याच वळणावर साहेब म्हणाले, "थांबव. हाताचा ब्रेक ओढ, आणि पाय काढून घे."

लखूनं दांडा ओढला. पाय उचलला. लॉरीचं अंग एकदा शहारलं आणि त्याचा हात दाराच्या कडीवर गेला. चाकाखाली खडी करकरण्याची तो वाट पाहत राहिला. खडी करकरली नाही. जिथं दोन बैलांना आणि दोन भावांना एक गाडी धरून ठेवता आली नव्हती, तिथं एवढं सागवान एका लोखंडी दांड्यावर निमूट उभं होतं. लखूच्या अंगावर काटा आला. देवळात गाभाऱ्याशी उभं राहिल्यावर वाटतं तसं त्याला वाटलं, आणि कडीवरचा हात त्यानं मांडीवर आणून ठेवला.

साहेबांनी खिशातून कागद काढला.

"किती दिवस शिकलास?"

"अडीच महिने झाले, साहेब."

"एवढे कशाला लागले?"

"चालवायला न्हाई लागले. बसून ऱ्हायला लागले."

साहेबांनी कागदावर सही केली. "पास. चल आता पुढं."

"साहेब, वाईच थांबू?"

अठरा वर्षांत या वळणावर गाडी थांबली की लखू चाकामागं वाकलेला असायचा, दरीकडं पाठ करून. आज पहिल्यांदाच त्यानं मान वळवली. खाली काळी नावाची नदी होती. हिरवीगार, रुंद, उन्हात लखलखणारी, पार डोंगराच्या पोटात शिरलेली. ती इथं आहे हे त्याला ठाऊक होतं. एवढी आहे हे ठाऊक नव्हतं.

"दादानं बी कधी बगितली नसंल," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

साहेबही नदीकडं बघत बसले.