तारासची तोफ आणि साळूकाकूचा कांदा

"ताई, तो तारास तुझा नुसता मित्रच आहे, की अजून कोणी?"

हे मी विचारलं. मी, समृद्धी, जी मागच्या वर्षापर्यंत वर्गात फळ्यासमोर उभं राहिलं तरी थरथरायची. माझ्या मैत्रिणींनी, श्रेया आणि सिद्धीनं, पैज लावली होती की मी विचारूच शकणार नाही, आणि विचारलंच तर आळेफाट्यावर मिसळ त्यांच्याकडून. दोघी दाराबाहेर, चपलांच्या रॅकमागं, तोंडावर ओढणी धरून उभ्या.

प्रतिभाताई माझी चुलत बहीण, आमच्या शेजारच्याच घरात राहते. डॉक्टर व्हायला युक्रेनला गेली, खारकीवला. तिथं युद्ध पेटलं तेव्हा हालिना नावाच्या घरमालकिणीनं तिला तळघरात लपवून ठेवलं, स्वतःच्या वाटणीचं खाऊ घातलं. आणि त्या बाईचा मुलगा तारास हिला गाडीत बसवून, बॉम्ब पडत असताना, रेल्वे स्टेशनवर सोडून आला. ताई पिंपळवंडीत परत आली. तारास सैन्यात गेला. बाकी शिक्षण तिनं ऑनलाइन पूर्ण केलं आणि आता ती इकडच्या परीक्षेच्या अभ्यासात बुडालेली असते.

मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. ताई मटार सोलत होती. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला. तिनं तो उचलला आणि माझ्याकडं फिरवला.

"त्यालाच विचार की."

मोबाइलमध्ये दाढीवाला माणूस! डोक्यावर लोकरी टोपी, मागं मातीची भिंत. मेले मी. ताईनं त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि तो असा हसला की मोबाइल हलला. मग मोडक्या इंग्रजीत मला म्हणाला, "तुझ्या मैत्रिणींना सांग, हिच्या हातची आमटी खाऊन मी रडलो होतो. त्यापुढं युद्ध काहीच नाही."

उत्तर मिळालं नाही, पण मिसळ मिळाली. जानेवारी होता तो, नववीचं वर्ष.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी ताईकडं. मम्मी म्हणायची, "तुझं दप्तर पण तिकडंच घेऊन जा." तारासचा फोन रोज नाही यायचा, पण आला की ताई मला हाक मारायची. तो तोफेवर होता. मला वाटायचं तोफ म्हणजे शिवनेरीवर असते तशी, पण त्यानं दाखवली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपेक्षा लांब होती, झाडाच्या फांद्यांनी झाकलेली. दुसऱ्या देशानं दिलेली. तिचे गोळेही बाहेरूनच यायचे.

"मग आज किती उडवले?" मी एकदम जोशात.

तो म्हणाला, "आज तोफ पुसली."

"म्हणजे?"

ताईनं समजावलं. गोळेच नाहीत. समोरचे दिवसभर मारतात आणि हे खंदक खणतात. गोळे अमेरिकेकडून यायचे ते अडलेत. तिथल्या संसदेत भांडण लागलंय, मदतीचा ठराव मताला येतच नाहीये.

मला इतका राग आला! मी रात्री जेवताना पप्पांना सगळं सांगितलं, भाकरी हातात तशीच. "पप्पा, त्यांच्याकडं गोळे पडून आहेत. लढणारी माणसं तयार आहेत. नुसता हात वर करायचाय. आणि ते करत नाहीत! यांचं आपसातलं भांडण मिटेपर्यंत त्यांनी मरायचं का?"

पप्पा म्हणाले, "अगं, देणारा आपल्या सवडीनंच देतो. घेणाऱ्यानं थांबायचं असतं."

"आणि थांबता नाही आलं तर?"

"वरण वाढ," पप्पा मम्मीला म्हणाले.

मी गप्प बसणारी नव्हते. श्रेया, सिद्धी आणि मी, आम्ही तिघींनी सिद्धीच्या दुकानामागच्या गोडाऊनमध्ये बसून अमेरिकेतल्या खासदारांची पानं शोधली आणि एकेकाच्या फोटोखाली लिहीत सुटलो. "प्लीज पास द बिल. फ्रॉम पिंपळवंडी, तालुका जुन्नर." सिद्धीचे पप्पा, प्रितमकाका, डोकावून म्हणाले, "काय चाललंय ओ पोरींनो?" सिद्धी म्हणाली, "पप्पा, आम्ही युद्ध थांबवतोय." ते म्हणाले, "बरं, जाताना शटर ओढा."

एकच उत्तर आलं. कोणीतरी लिहिलं होतं, तुमचा देश सांभाळा. श्रेयानं ते वाचलं आणि माझ्याकडं बघितलं.  शटर ओढलं आणि घरी आलो.

फेब्रुवारीत तारासची तुकडी एक गाव मागं सरकली. मार्चमध्ये अजून एक. तो कधीच म्हणायचा नाही की आम्हाला गोळे द्या, तुम्ही बातम्यांमध्ये ओरडा, काहीच नाही. फक्त फोन ठेवायच्या आधी विचारायचा, "तिकडं काय म्हणतायत?" तो घाबरलाय का नाही, हे कळायचं ते त्या एका प्रश्नावरून. आणि बातम्या सांगायचं काम माझं! ताई म्हणायची, तूच सांग, तुला सगळं पाठ आहे.

मी सांगायचे, "पुढच्या आठवड्यात होईल म्हणतात."

दर वेळी पुढच्याच आठवड्यात.

इकडं आमचा कांदा काढायला आला. आमच्याकडं सावडीवर कांदा निघतो. सावड म्हणजे आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. मजुरी नाही, काही नाही. साळूकाकू, आमच्या बांधाला लागून तिचं छोटं रान, घरात एकटीच, ती पहिल्या दिवसापासून आमच्या वाफ्यात होती. तिच्यासारखी पात कापणारं कोणी नाही. विळा दिसायचाच नाही. मला म्हणायची, "पोरी, तू कांदा कापतीस का त्याला टिळा लावतीस?" आमचा सगळा कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या छपराखाली गेला, हवेशीर, कोरडा.

मग तिचा नंबर. पण मावसभावाचं लग्न आलं. मग मम्मीची कंबर धरली. मग जत्रा जवळ आली, आणि पप्पा यात्रा कमिटीत. "जत्रा झाली की जाऊ," पप्पा म्हणाले.

साळूकाकू अधूनमधून यायची. ओट्यावर टेकायची, चहा घ्यायची आणि पप्पांना विचारायची, "भगवंतभाऊ, झाला का तुमचा समदा कांदा चाळीत?"

"झाला की, कवाच."

"बरं झालं बाई." आणि उठून जायची.

मला वाटायचं, हिला विसरायला होतंय. स्वतःच्या हातानं तर भरला हिनं! मग एकदा मी मम्मीकडं बघितलं, तर मम्मी मान खाली घालून कप विसळत होती. कप केव्हाच स्वच्छ झाला होता.

"सावड मागायची नसते," ती गेल्यावर मम्मी म्हणाली. "मागितली की मजुरी झाली."

मी ऐकलं आणि ताईकडं पळाले. फोन यायची वेळ झाली होती.

त्या दिवशी तारासनं टोपी घातली नव्हती. डोळे लाल. मागं मातीची भिंतही नव्हती, नुसतं झुडूप. "तिकडं काय म्हणतायत?"

खरं तर संसदेला सुट्टी लागली होती. दोन आठवडे. ते सगळे आपापल्या घरी गेले होते, सणाला. मी ताईकडं बघितलं. ताईनं मान हलवली, सांग.

"सुट्टीवर गेलेत," मी म्हणाले.

तो हसला. पहिल्या दिवशीसारखाच, मोबाइल हलला. "चांगलं आहे," तो म्हणाला. "माणसानं सुट्टी घ्यावी." मग ताईशी त्यांच्या भाषेत बोलला, थोडंच. ताई शेवटी काहीतरी बोलायला गेली आणि चित्र अडकलं. त्याचं तोंड अर्धवट उघडं, झुडपाचं एक पान त्याच्या कानावर. तसंच राहिलं ते, मग बंद झालं.

त्यानंतर फोन नाही.

परवा आभाळ आलं आणि रात्री तासभर कोसळलं. आमचा कांदा चाळीत, आम्ही झोपलो.

आज रविवार. सकाळी मी मोबाइल उघडला आणि किंचाळले. झालं! ठराव पास! मतं पडली, मोठ्या फरकानं! मी श्रेयाला फोन केला, सिद्धीला केला, आणि अनवाणीच पळत ताईच्या घरी गेले. "ताई! हात वर केले त्यांनी! गोळे येणार!"

ताई स्वयंपाकघरात बसली होती. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला, काळा.

"हालिनाचा फोन आला होता पहाटे," ती म्हणाली. "मंगळवारपासून त्याचा पत्ता नाही. ती जागा आता दुसऱ्यांच्या ताब्यात आहे. तोफ सापडली म्हणे, फुटलेली. माणसं नाही सापडली."

"पण आता तर मदत…"

"मंजूर झाली गं. पोचायला वेळ लागतो."

मी तिथंच फरशीवर बसले. मला कोणावर तरी ओरडायचं होतं, पण समोर तर ताईच होती. ती म्हणाली, "तू विचारलं होतंस ना, जानेवारीत? शेवटच्या फोनवर तेच सांगत होते त्याला. रेंज गेली."

मी तिचा हात धरला. तो धरून काय होणार होतं? काहीच नाही. तरी धरला.

घरी येताना मुद्दाम बांधावरून आले. साळूकाकू एकटी वाकलेली होती वाफ्यात. कांदा चिखलात. तिनं एक उपटला, दाबून बघितला, टाकला. दुसरा उपटला, तोही टाकला. मला बघून तिनं पदरानं हात पुसला. "जत्रेला नवा ड्रेस आणला म्हणं तुला? कसलाय?"

 "निळा," मी म्हणाले.

संध्याकाळी ती आली. ओट्यावर टेकली, चहा घेतला. ओझरच्या बाजूला आभाळ पुन्हा काळं व्हायला लागलं होतं.

"भगवंतभाऊ, ऱ्हायलाय का काही कांदा भिजायचा तुमचा?"

"नाय, समदा चाळीत. तू काळजी करू नको, परवा जत्रा झाली की येतोच आमी."

"बरं," ती म्हणाली, आणि उठली.

ती फाटकापर्यंत पोचायच्या आत मी घरात जाऊन मम्मीचा विळा घेऊन आले. पप्पा यात्रेची वर्गणीची पुस्तकं लावत होते. मम्मी दिवा लावत होती.

"पप्पा, मम्मी," मी म्हणाले, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले की साळूकाकू वळली, "मी जत्रेला येणार नाही. उद्या उजाडलं की मी काकूच्या रानात जाणार आहे. तिचा निम्मा कांदा सडलाय, उरलेल्यातला किती वाचेल मला माहीत नाही. तुम्ही आलात तर या. पण मी परवापर्यंत थांबणार नाही."