मशीन बसलं की बोलू

जेवणाच्या टेबलावर सगळे खो खो हसले आणि आईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय झालं रे?"

"काही नाही गं, जाऊ दे!" मास्तर म्हणाले.

वाचकहो, ज्या घरात कमी ऐकू येणारं माणूस असतं, त्या घरात हे वाक्य मिठापेक्षा जास्त वापरलं जातं. खोटं वाटत असेल तर आज जेवताना जरा स्वतःकडेच कान द्या.

मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. आवाज असा भारदस्त की मैदानावर माइक लागत नसे. घरी आले की मात्र तोंडाला कुलूप. त्यांच्या आईंचं आयुष्य छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात गेलं होतं. डाव्या कानाची आतली नळी लहानपणीच्या तापात बुजली होती, आणि उजव्या कानातले बारीक आवाज यंत्रांच्या खडखडाटानं खाऊन टाकले होते. उरले होते फक्त जाड, खालच्या पट्टीतले आवाज. सूनबाईंचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नसे, मास्तरांचं थोडंफार पोचे.

म्हणून उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे कानाच्या आत बारीक तार घालून ऐकवणारं मशीन, बसवायचं ठरलं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "मशीनमुळे बोलणं कळायला लागेल. पण त्यांचं स्वतःचं जे ऐकणं उरलंय, ते टिकेलच असं नाही." मास्तरांनी मान डोलावली. मान डोलावणं आणि ऐकणं यांत फरक असतो, हे ते वर्गात पोरांना रोज सांगायचे!

ऑपरेशन छान झालं. मशीन पहिल्यांदा सुरू केलं, त्या दिवशी कान तपासणाऱ्या बाई मास्तरांना म्हणाल्या, "आजींचं उरलेलं ऐकणं अजून शाबूत आहे. तुमचा आवाज त्यांना स्वतःच्या कानानं येतो. रोज समोर बसून बोला. मशीनचा आवाज मेंदूला नवा असतो, ओळखीचा आवाज सोबत असला की तो लवकर शिकतो."

"एकदा मशीन नीट सेट होऊ द्या, मग बोलूच की!" मास्तर म्हणाले.

संध्याकाळी मास्तर फोनवर बोलायला बसले की आई वाटाण्याच्या शेंगा घेऊन शेजारी येऊन बसत. मास्तरांना ते आवडत नसे. "आई, मी फोनवर आहे!" असं खुणेनं दाखवून ते गॅलरीत जात आणि दार ओढून कडी लावून घेत.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. बाईंनी मशीनचा बाहेरचा भाग काढून ठेवला, नुसता कान तपासला, पुन्हा तपासला, आणि मास्तरांना आत बोलावलं.

"उरलेलं ऐकणं गेलं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे ऑपरेशन चुकलं?"

"नाही हो. पायात काट्याचं टोक राहिलं तर त्याभोवती कुरूप धरतं ना? कानात घातलेली तार शरीराला परकीच. आत सूज येते, मग तारेभोवती चिवट पापुद्रा धरतो. कुणाचा पातळ राहतो, कुणाचा दाट होतो. सूज येऊ नये म्हणून औषध दिलं होतं, पण प्रत्येकाला ते लागू पडतंच असं नाही. आजींचं ऐकणं त्यातच गेलं असावं. तारेतला करंट कमीजास्त करून मशीनचं बोलणं आम्ही नीट पोचवू. गेलेलं मात्र परत आणता येत नाही."

"मग रोज बोला म्हणून तेव्हाच ठासून सांगायचं होतं तुम्ही!" मास्तर चिडले.

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, सेट होऊ द्या." बाईंचा आवाज चढला नाही. "मशीन आम्ही बसवतो, मास्तर. बोलणारं माणूस कुठून बसवणार? शरीर पापुद्रा धरतं ते नकळत. तुम्ही घरचे लोक 'जाऊ दे, जाऊ दे' करत जो धरता, त्याचं काय करायचं?"

मास्तर बाहेर आले. आई बाकावर बसल्या होत्या, मशीन पुन्हा लावलेलं होतं.

"आई, माझा आवाज कसा येतो गं तुला?"

"येतो की. आता शब्दही कळतात. पण तू, सूनबाई, रिक्षावाला, सगळे सारखेच वाटता. पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे."

"आणि आधी?"

"आधी शब्द कळायचे नाहीत, पण आवाज तुझा असायचा. अगदी तुझ्या बाबांसारखा. म्हणून तर तुझ्या फोनच्या वेळी येऊन बसायचे. डोळे मिटले की वाटायचं, तेच बोलताहेत."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"तू कामात असायचास. म्हटलं, जाऊ दे."

अरेरे! रोज ओढून घेतलेलं ते गॅलरीचं दार मास्तरांना आठवलं. वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि त्यांचा आवाज आता कुठे या घरातून गेला होता. तोही आपल्या हातानं, कडी लावून! भर दवाखान्यात त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या संध्याकाळपासून मास्तर स्वतःच शेंगा घेऊन आईंसमोर बसतात. शाळेतल्या गमती सांगतात, एकेक वाक्य आईंकडून पुन्हा वदवून घेतात. जेवताना कुणी हसलं, तर आधी आईंना विनोद सांगायचा, मग दुसरा घास, असा नियमच झाला आहे. आई उशिरा हसतात, पण पोटभर हसतात. मधूनच त्या जुन्या सवयीनं डोळे मिटतात आणि लगेच उघडतात. मास्तरांना ते दिसतं. ते बोलत राहतात.

मंडळी, मशीन जरूर बसवा, वेळेवर बसवा, त्यात लाज कसली! पण आपल्या माणसाला आज जेवढं ऐकू येतं, तेवढ्यात आजच बोला. मशीन उद्याही बसवता येईल, आजचं ऐकणं उद्या असेलच असं नाही.