तोंडपाठ तक्ता

गल्लीच्या टोकाला चष्म्याचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे काचा घासायचं चाक, आणि मधे बोळासारखी लांबट खोली. खोलीच्या एका टोकाला उंच खुर्ची. दुसऱ्या टोकाला भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि तक्त्यावर दिवा. गल्लीतल्या कुणालाच दुकानाचं नाव धड सांगता आलं नसतं, पण काका-काकू साऱ्यांना ठाऊक होते. काका डोळे तपासायचे, काकू काचा घासून फ्रेममधे बसवायच्या.

चाक आणि खुर्ची यांच्यामधे फक्त एक पडदा. त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून काकूंच्या कानावर एकच पाठ पडत आलेला. वर एकटा प. त्याखाली र ट. मग ग व न. मग म क स ल. आणि त्याच्याही खाली मुंग्यांच्या रांगेसारख्या बारीक होत गेलेल्या ओळी. म्हातारे तो पाठ अडखळत म्हणत, शाळकरी पोरं धावत सुटत, आणि नंबर वाढला असेल या भीतीनं आलेल्या मुली देवापुढे म्हणावा तसा हळू म्हणत. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. काकूंना चाकावर सुचली. लेक तान्ही होती तेव्हा त्या तिला मांडीवर घेऊन काचेची कड घासत आणि गुणगुणत:

प एकला डोंगर, र ट दोन झाडं,
ग व न ची वाट गेली नदीच्या पल्याड,
म क स ल चार पाखरं उडाली भुर्र,
बारीक बारीक होत गेली, निजली दूर दूर.

लेक मोठी झाली, लग्न होऊन दूरच्या गावी गेली. अंगाई घरातच राहिली.

वर्षातून एकदा दुकान धुऊनपुसून झालं की काका पहिली तपासणी काकूंची करायचे. हा त्यांचा नेम होता.

"या बाईसाहेब, बसा. फी आधी ठरवू."

"संध्याकाळी गरम जेवण."

"कालच्यासारखं असेल तर राहू दे."

"मग डोळे नंतर तपासा. आधी स्वतःची जीभ तपासून घ्या."

मग काकू तळहातानं एक डोळा झाकून तक्ता वाचायच्या. काका शेजारी उभे. त्यांना तक्त्याकडे बघायची गरजच नसायची. गायकाच्या मागे बसलेल्या तंबोऱ्यावाल्यासारखे ते नुसते ऐकायचे. शेवटची ओळ संपली की काकूंच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "सिक्स बाय सिक्स! अगं, या वयात असे डोळे म्हणजे देणगी आहे."

गेल्या काही वर्षांत काकू थोड्या बदलल्या होत्या, पण बदल असे की कुणाला खटकू नयेत. काच फ्रेममधे नीट बसावी म्हणून तिच्या मधोमध खुणेचा शाईचा ठिपका द्यायचं काम त्यांनी काकांकडे सरकवलं. "माझा हात कापतो हो आता." कड घासायचं मात्र सोडलं नाही, कारण त्याला बोटं पुरत. वर्तमानपत्र काकांनी मोठ्यानं वाचून दाखवावं असा हट्ट धरला. "तुमचा आवाज सकाळी ऐकला की दिवस बरा जातो," असं म्हणाल्यावर कोणता नवरा मागे हटेल? काका अग्रलेखापासून शोकसंदेशापर्यंत सगळं वाचायचे, वर थोडा अभिनयही करायचे. आणि अलीकडे काकू समोरच्याशी बोलताना मान जराशी वळवून, तिरपं बघत. काकांना वाटायचं, रुसली आहे.

एखादा अनोळखी म्हातारा असा तिरपा बघत दुकानात शिरला असता, तर काकांनी त्याला खुर्चीतही बसवलं नसतं. थेट रिक्षात घालून डोळ्यांच्या दवाखान्यात धाडलं असतं.

या वर्षीही दुकान धुऊन झालं. पण शटर वर जातंय तोवर बागेत काम करणारे एक माळीबुवा दारात हजर.

"काका, रोपं न् गवत सारखंच दिसायला लागलंय. काल मालकिणीचा गुलाबच उपटला."

"अक्षरओळख?"

"बायकोच्या चेहऱ्यावरचा राग वाचता येतो. बाकी काही नाही."

अशा गिऱ्हाइकांसाठी तक्त्याच्या पाठीवर दुसरा तक्ता होता. त्यावर अक्षरं नाहीत, नुसते कंगवे. तीन दातांचे काळे कंगवे, कुणाचे दात वर, कुणाचे खाली, कुणाचे डावीकडे. बघणाऱ्यानं फक्त हातानं दाखवायचं, दात कुठे वळलेत ते. काकांनी तक्ता उलटा टांगला. माळीबुवांनी हवेत हात नाचवून नंबर काढून घेतला, आणि "आता गुलाबाची भीती नको" म्हणत ते गेले. तपासणी चालू होती तेवढा वेळ काकू पुढे काउंटरवर फ्रेमा पुसत होत्या.

"ये गं. भवानी गिऱ्हाइकानं झाली, आता तुझी पाळी."

काकू हात पुसत आल्या. खुर्चीचा हात चाचपून बसल्या. डावा डोळा झाकला. काका पाठमोरे होऊन काचांची पेटी आवरत होते.

"प," काकू म्हणाल्या. "र, ट."

काका तालात मान हलवत होते.

"ग, व, न. म, क, स, ल."

लय अगदी अचूक. कुठे अडखळणं नाही, कुठे श्वास घेणं नाही. पेटीचं झाकण लावता लावता काकांची नजर सहज समोरच्या भिंतीवर गेली.

भिंतीवर कंगवे होते.

काकू वाचत होत्या. मुंग्यांच्या ओळीपर्यंत पोचल्या, ती ओळही शेवटपर्यंत म्हणाल्या, आणि पाठीवरच्या थापेसाठी खांदा किंचित पुढे करून थांबल्या.

थाप आली नाही.

"काय झालं? चुकलं का काही?"

"नाही."

"मग बोला की."

काकांना एवढंच म्हणता आलं, "तक्ता उलटा आहे गं. माळीबुवांसाठी फिरवला होता."

काकूंनी हात डोळ्यावरून खाली घेतला, मांडीवर ठेवला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. 

मग काका स्वतःच भिंतीपाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी बोटं वर केली. "किती?" काकूंनी नुसती मान हलवली. ते थोडे पुढे आले. "आता?" आणखी पुढे. अख्खी खोली ओलांडून त्यांचे गुडघे काकूंच्या गुडघ्यांना टेकले, तेव्हा काकू म्हणाल्या, "हात आहे, एवढं कळतंय. बोटं नका विचारू."

"कधीपासून?"

"एकदम थोडंच झालं! आधी मधोमध एक डाग आला. वाटलं, जवळचं बघायच्या चष्म्यावर बोट लागलं असेल. चष्मा पुसत बसले. पहिल्या वर्षी खरंच दिसतंय असं वाटलं हो. तोंड इतकं पुढे धावायचं की डोळ्यांना विचारायला वेळच नाही. तुम्ही सिक्स बाय सिक्स म्हणालात. म्हटलं, हे म्हणतात म्हणजे असेल."

"आणि नंतर?"

काकूंनी मान वळवून तिरपं बघितलं. तसं बघितलं की त्यांना काकांच्या कानाची कड सापडत असावी.

"नंतर कळलं. पण तुम्हालाही कळलंय, हे पण कळलं. पेपर वाचून दाखवता, ठिपके तुम्हीच देता, एका शब्दानं विचारत नाही. मनात म्हटलं, माणूस बघा कसा आहे. सगळं ठाऊक असून दरवर्षी सिक्स बाय सिक्स म्हणतो, मला धीर यावा म्हणून. मग मीही म्हणत राहिले, तुम्हाला बरं वाटावं म्हणून." त्या जराशा हसल्या. "आज तेवढा तक्ता बघून फिरवायचात ना."

काकांनी तक्त्यावरचा दिवा मालवला. टोपी घेतली, शटर ओढलं आणि रिक्षाला हात केला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या होत्या. त्यांनी काकूंच्या डोळ्यांत थेंब घातले, दिवे मारले, यंत्रावर हनुवटी टेकायला लावून डोळ्यांच्या आतल्या पडद्याचे फोटो काढले. मग खुर्ची वळवून सावकाश सांगितलं. पडद्याच्या बरोबर मधोमध रक्त झिरपत राहिलं होतं. दोन्ही डोळ्यांत आता तिथे व्रण धरला होता. कडेकडेचं दिसत राहील, आंधळेपण म्हणतात तसं होणार नाही. पण चेहरा, अक्षर, सुई, हे परत येणार नाही.

"डाग दिसायला लागला तेव्हाच आला असता तर इंजेक्शनं देऊन बरंच वाचवता आलं असतं." त्या थांबल्या. "काका, तुमच्याकडून किती पेशंट येतात माझ्याकडे. सगळे वेळेवर येतात. तुम्ही स्वतः तपासत होता ना यांना?"

दिव्याखाली अंधार, असं कुणीतरी म्हटलं असतं तर काकांना ते परवडलं असतं. डॉक्टरीणबाईंनी फक्त कागद पुढे केला.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात काकूंनी काकांच्या तळहातात आपला तळहात घातला. थेंबांमुळे त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या आणि खिडक्यांचा उजेड डोळ्यांत टोचत होता.

"त्या पोरीचं मनावर घेऊ नका," त्या हळूच म्हणाल्या. "तिला काय माहीत, तुम्ही माझ्यासाठी काय काय सोसलंत. एवढं सगळं पोटात ठेवून रोज हसत पेपर वाचायचा, सोपं आहे का? मला सारखं वाटायचं, चला, आपण दोघं आहोत यात."

काका चालता चालता थांबले. एक "हो" म्हटलं असतं तर पुरलं असतं. एक "हो", आणि घरी जाऊन वरणभात. शब्द जिभेच्या टोकापर्यंत आला. पण आयुष्यभर लोकांना दिसतं तेवढंच सांगा म्हणत आलेल्या त्या माणसाच्या तोंडून तो बाहेर पडेना.

"मला कळलं नव्हतं गं."

"काय?"

"काहीच. मला खरंच वाटत होतं, तुला दिसतंय. तू वाचलंस की मला आनंद व्हायचा. पेपर... पेपर तुला माझा आवाज आवडतो म्हणून वाचायचो."

काकू ऐकत राहिल्या. व्हरांड्याच्या टोकाला कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, कुणीतरी उठून गेलं. काकूंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर काकांना धरायला काहीतरी मिळालं असतं. रात्री झोपेत हात टाकावा आणि शेजारचं अंथरूण रिकामं लागावं, तसा तो चेहरा झाला होता.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "मी एकटीच होते."

त्यांनी आपला तळहात सोडवून घेतला. झटकला नाही, नुसता काढून घेतला. आणि त्या पुढे चालू लागल्या, एका हातानं भिंत चाचपत. भिंत होती तोवर ठीक होतं. मग भिंत संपली आणि जिना आला. खालच्या दारातून दुपारचं ऊन वर येत होतं आणि त्या उन्हात साऱ्या पायऱ्या वितळून एक झाल्या होत्या.

काकू काठावर उभ्या राहिल्या. माणसं शेजारून उतरत गेली. "आजी, जरा बाजूला," कुणीतरी म्हणालं. काका एक पाऊल मागे उभे होते. पुढे व्हायची त्यांची छाती होईना.

काकूंनी पाय पुढे केला, हवेत धरला, परत मागे घेतला. पुन्हा केला, पुन्हा घेतला. मग मागे न वळता त्यांनी हात मागे केला, आणि जे हाताला लागलं ते धरलं. काकांच्या सदऱ्याची बाही. तळहात नाही, बोटं नाहीत, फक्त बाही.

"सांगा," त्या म्हणाल्या.

"पायरी," काका म्हणाले.

"हं."

"पायरी."

"हं."

"पायरी."