दुलईत गुंडाळलेला डबा

शिक्केवाल्या बाईंनी एकतीस वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीमागे काढली. परदेशी पाठवायचं पार्सल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "आत काय आहे?" कोणी "काही नाही हो, कपडेच आहेत" असं मोघम बोललं, की बाई चष्म्यावरून बघायच्या आणि खोकं उघडायला लावायच्या. मग स्वेटरच्या घडीतून बरण्या निघायच्या, सुकी मासळी निघायची, एकदा तर मुळांसकट झाडाचं रोप निघालं होतं. बाई फॉर्म परत सरकवायच्या. "खरं लिहा, मग या." त्यांच्या नावाने बोटं मोडणारे पुष्कळ होते, पण बाईंच्या कामाला नाव ठेवायची कोणाची हिंमत नव्हती. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी लोक त्यांना शिक्केवाल्या बाईच म्हणत.

त्यांचे यजमान मधवाले. घरामागच्या उतारावर त्यांच्या मधमाश्यांच्या चाळीस पेट्या होत्या आणि माणसांपेक्षा त्यांचं माश्यांशी बरं जमायचं. एकुलता एक मुलगा हाताशी येईल, पेट्या सांभाळेल, हे त्यांनी त्याला न विचारताच ठरवून टाकलं होतं. मुलाने परदेशातली नोकरी धरली तेव्हा जेवणाच्या टेबलावर दोघांची जुंपली. "माश्यांमागे धावण्यात मला जन्म घालवायचा नाही," मुलगा म्हणाला. "मग या घरात परत पाऊल टाकू नकोस," बाप म्हणाला. दोघेही एकाच मातीचे. सहा वर्षं झाली, एकमेकांशी एक शब्द नाही. रविवारी मुलाचा फोन यायचा तो आईला. तेवढा वेळ मधवाले उतारावर काहीतरी काम काढून बसायचे.

नात चार वर्षांची झाली तरी बाईंनी तिला फोनवरच पाहिली होती. शेवटी मुलाने तिकीट पाठवलं. सुनेने बजावून सांगितलं, "आई, इथे विमानतळावर खाण्यापिण्याच्या बाबतीत फार कडक आहेत हं. मी लिहून पाठवते तेवढंच आणा." बाईंना हसू आलं. हे त्यांना कोणी शिकवावं! त्यांनी यादीबरहुकूम बंद पाकिटातले भाजलेले बदाम घेतले, बिस्किटं घेतली आणि नातीसाठी चार महिने खपून स्वतः शिवलेली दुलई घेतली. बस्स.

जायच्या आदल्या दिवशी मधवाले स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत उभे राहिले. हातात चपटा पत्र्याचा डबा होता.

"हा घेऊन जा."

"काय आहे त्यात?"

"पोळ्याचा तुकडा. मेणासकट. त्याला लहानपणी आवडायचं चघळायला."

बाईंनी डब्याकडे पाहिलं. सहा वर्षांत या माणसाने मुलाचा विषय आपणहून काढला नव्हता. पण नियम तो नियम. "अहो, मध तर मुळीच चालत नाही तिथे. माश्यांचे रोग जातात म्हणे. तुम्हाला मी सांगायला हवं का?"

"एवढ्याशा तुकड्याने काय होतंय?"

"तुमचा निरोप सांगते ना मी. डबा नको."

"निरोप नाहीये काही," असं पुटपुटत ते डबा घेऊन मागे फिरले. संध्याकाळी मात्र त्यांनी स्वतःहून बॅगेला दोरी बांधून दिली. म्हातारा निवळला, असं वाटून बाई मनातून सुखावल्या.

निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई तिकडे उतरल्या. विमानात दिलेला फॉर्म त्यांनी दोनदा वाचून भरला होता. खाण्याच्या वस्तू आहेत का? हो. बदाम, बिस्किटं. मध, मेण किंवा माश्यांपासून मिळणारं काही? नाही. खाली सही. अक्षर खणखणीत, पोस्टातल्यासारखं.

रांगेत एक तपकिरी कुत्रा हुंगत हुंगत आला आणि त्यांच्या बॅगेपाशी शांतपणे बसला. बाईंना वाटलं, दमला असेल बिचारा.

कस्टमची अधिकारी मुलगी त्यांच्या सुनेच्याच वयाची होती. तिने हातमोजे चढवले, दोरी कापली आणि स्टीलच्या टेबलावर एकेक वस्तू मांडली. बदाम बाजूला, बिस्किटं बाजूला. मग तिने दुलई उलगडली. तिसऱ्या घडीत तो चपटा डबा होता. झाकणाच्या फटीतून मध पाझरून दुलईच्या कापडाला लागला होता.

बाईंनी तो लगेच ओळखला.

मुलीने डबा उघडला, भिंग लावलं आणि दुसऱ्या अधिकाऱ्याला हाक मारली. पोळ्याच्या दोन घरांत अळ्या होत्या. मग फोनवर दुभाष्या आला. कुठल्या तरी ऑफिसात बसलेला, आवाजाने कंटाळलेला माणूस.

"ही बॅग तुम्ही स्वतः भरली का?"

"हो."

"या वस्तूबद्दल तुम्हाला माहीत होतं का?"

हाच प्रश्न बाईंनी किती जणांना विचारला होता! "मला ठाऊकच नव्हतं बाई, ह्यांनी ठेवलं असेल," असं कितीतरी जणी त्यांना म्हणाल्या होत्या, आणि त्यातल्या एकीवरही त्यांनी विश्वास ठेवला नव्हता.

"माझ्या नवऱ्याने ठेवला असेल," त्या म्हणाल्या. "मला माहीत नव्हतं."

दुभाष्याने सांगितलं. मुलीने मान डोलावली, खिडकीमागून बाई डोलवायच्या तशीच, आणि लिहायला लागली. माशीचं उत्पादन, जिवंत अळ्यांसह, कापडात लपवलेलं. फॉर्मवर खोटी माहिती. बॅग भरल्याची जबाबदारी सही करणाऱ्याची. व्हिसा रद्द, पुढची तीन वर्षं प्रवेश नाही, दुपारच्या विमानाने परत. दुलईसुद्धा जाळून टाकावी लागेल, मध लागलाय तिला.

"दुलई तरी द्या," बाई म्हणाल्या. "माझी नात बाहेर उभी आहे. आपल्या हाताने बाहेर नेऊन द्या हवं तर."

दुभाष्याने ते सांगितलं की नाही कोण जाणे. मुलगी लिहीतच राहिली.

एका बिनखिडकीच्या खोलीत त्यांना मुलाशी फोनवर बोलू दिलं. तो भिंतीपलीकडेच, जेमतेम शंभर पावलांवर होता.

"आई, काय केलंस हे? किती वेळा सांगितलं होतं तुला! मध? तोही दुलईत लपवून?"

मागून नातीचा आवाज येत होता, "आजी कधी येणार?"

खरं काय ते बाईंच्या अगदी ओठावर आलं. पण त्यांना दारात घुटमळणारा नवरा आठवला. सहा वर्षांनी त्याने एक पाऊल उचललं होतं, आणि तेही असं वाकडं पडलं. हे आता पोराला कळलं, तर बाप त्याच्यासाठी कायमचा मेला.

"चुकलं रे माझं," त्या म्हणाल्या.

घरी पोचल्या तेव्हा मधवाले अंगणात पेट्या घासत होते. बायको तिसऱ्याच दिवशी टॅक्सीतून उतरली, याचा अर्थ लावायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "डबा पोचला का?"

बाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते ब्रश हातात धरून ऐकत राहिले.

"दुलईत कोण बघतंय, असं वाटलं मला," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "त्याला सांगितलंस? मी ठेवला म्हणून?"

"नाही."

त्यांनी रोखून धरलेला श्वास सोडला. त्यांचे खांदे सैल पडलेले बाईंना स्पष्ट दिसले. माफीचा एक शब्द येईल म्हणून त्या थांबल्या. मधवाल्यांनी ब्रश पाण्यात बुडवला आणि पेटी पुन्हा घासायला घेतली.

पुढच्या रविवारी बाई आंघोळीला गेल्या असताना फोन वाजला. तो कधी नव्हे तो मधवाल्यांनी उचलला. बाई केस पुसत बाहेर आल्या, तर आतल्या खोलीतून बोलणं ऐकू येत होतं.

"अरे, मी सांगून सांगून थकलो. काही नेऊ नकोस म्हटलं. पण तुझी आई ऐकते का कोणाचं? जन्मभर लोकांची पार्सलं फोडली आणि स्वतः..." पलीकडून मुलगा हसला. मधवालेही हसले. सहा वर्षांनी बापलेक हसत होते.

फोन ठेवल्यावर त्यांनी बाईंना पाहिलं. "बोलायला काहीतरी विषय लागतो ना," ते म्हणाले. "तू मध्ये पडू नकोस आता. बोलायला लागलाय तो."

बाई मध्ये पडल्या नाहीत. दर रविवारी फोन आधी मधवाल्यांकडे जाऊ लागला. आधी विषय आईच्या वेडेपणाचा, मग हवापाण्याचा, मग नातीचा. गोष्ट गावभर झाली. पोस्टात गेल्या तर खिडकीमागचा नवा कारकून म्हणाला, "बाई, आत काय आहे?" आणि रांगेतले सगळे खिदळले. बाईंनी पत्र टाकलं आणि घरी आल्या. त्यानंतर त्या पोस्टात गेल्या नाहीत.

चौथ्या महिन्यात मुलाने व्हिडिओवर जाहीर केलं, "बाबा, आईला तर आता येता येणार नाही. तुम्ही तरी या. तिकीट काढतो मी."

"येतो की," मधवाले म्हणाले. जरासुद्धा आढेवेढे नाहीत.

तेव्हा मात्र बाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला. आवाज चढवला नाही. "तो डबा मी नेला नव्हता. ह्यांनी ठेवला होता, मला न सांगता. मी तेव्हा तुझ्यापाशी बोलले नाही, ही माझी चूक. आता सांगते आहे."

मुलाचा चेहरा त्रासल्यासारखा झाला. "आई, चार महिन्यांनी? तूच म्हणालीस ना, चुकलं माझं म्हणून? बाबा येतायत म्हटल्यावर आता त्यांच्यावर ढकलतेस?"

"विचार त्यांना."

"बाबा?"

मधवाल्यांनी टेबलावरचा एक कण नखाने उचलला. "जाऊ दे रे," ते म्हणाले. "तिला वाईट वाटतंय. साहजिक आहे."

बाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि त्या खोलीतून निघून गेल्या.

मधवाले तीन महिन्यांसाठी गेले. त्यांची बॅग त्यांनीच भरली, बाई त्या खोलीत फिरकल्या नाहीत. तिकडे पोचल्यावर ते रोज सकाळी नातीला मांडीवर घेऊन फोन करत. नात चित्रं दाखवायची, उड्या मारून दाखवायची. बाई बघायच्या, हसायच्या. कितीही झालं तरी तेवढं तोंड दिसत होतं.

एका सकाळी नातीने तोंड अगदी पडद्याजवळ आणलं. "आजी, तू विमानतळावर खोटं बोललीस ना? म्हणून तुला इथे येऊ देत नाहीत?"

"नाही, बाळा," बाई म्हणाल्या. "मी खोटं नाही बोलले."

नातीने मान वळवून आजोबांकडे पाहिलं. पडद्यात आता त्यांची फक्त बाही दिसत होती. मग बाजूने त्यांचा आवाज आला, "अगं, उतारावरच्या माश्यांना पाणी ठेवतेस ना? ऊन वाढलं असेल तिकडे."